दोन पिवळी कार्डं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही पाड्यावर गेलं, तर घराच्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली दिसते. कपड्याच्या दुकानातली, छापलेलं नाव अर्धवट पुसलेली, तोंडाला सुतळीची गाठ. पावसात कौलं गळायला लागली की घरातली बाई आधी ही पिशवी कोरड्या जागी हलवते, मग बाकीचं बघते. आत घराची सगळी इस्टेट असते: आधारकार्डं, बँकेचं पासबुक, जॉबकार्ड, जातीचा दाखला, पोरांचं लसीचं कार्ड, कधी काळी केलेल्या अर्जाची पोच. आणि तळाशी, घड्या पडून पडून कापडासारखं मऊ झालेलं रेशनकार्ड. गरिबाघरचं असेल तर ते पिवळं असतं.

पुण्याहून नोकरीसाठी कोपनहेगनला गेलेल्या मराठी इंजिनिअरच्या पाकिटातही एक पिवळं कार्ड असतं. डेन्मार्कमध्ये राहायला आल्याची नोंद केली की काही आठवड्यांत ते टपालानं घरी येतं. त्यावर नाव, पत्ता, नागरिक-नोंदणी क्रमांक आणि ठरवून दिलेल्या फॅमिली डॉक्टरचं नाव छापलेलं असतं. हे कार्ड दाखवलं की डॉक्टर तपासतो आणि इस्पितळात उपचार होतात, बिल येत नाही. देशाच्या मंत्र्याकडे हेच कार्ड आणि रस्ता झाडणाऱ्याकडेही हेच.

रंग एकच, पण त्याचा अर्थ अगदी उलटा. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून रेशनकार्डांचे तीन रंग झाले. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून वर पांढरं. म्हणजे धानोऱ्यातलं पिवळं कार्ड ‘मी गरीब आहे’ असं सांगतं आणि डेन्मार्कमधलं ‘मी इथं राहतो’ एवढंच. देशादेशांतल्या जीवनमानाची तुलना करताना दरडोई उत्पन्न, आयुर्मान, शाळेची वर्षं असे पुष्कळ आकडे पुढे केले जातात. पण समाज आपल्या गरिबांकडे कसं बघतो, हे ओळखायला या दोन कार्डांतला फरक जास्त उपयोगी पडावा.

आकडे टाळता मात्र येत नाहीत, कारण नंदुरबारची महाराष्ट्राला ओळखच मुळी आकड्यांतून होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यांत शंभरातले ६९ आदिवासी. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता, राज्याचा ०.७५२ आणि नंदुरबारचा ०.६०४, म्हणजे राज्यात शेवटचा. पुढे २०१८ मध्ये केंद्रानं ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तीत नंदुरबार आलाच, गडचिरोलीही आला. धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात पायलीला पन्नास, पण गडचिरोलीत तर धानोरा नावाचा अख्खा तालुकाच आहे. एकाच नावाच्या दोन जागा आणि दोन्ही एकाच यादीत.

मानव विकास निर्देशांक ही पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांची कल्पना. १९९० मध्ये त्यांनी अमर्त्य सेन यांची मदत घेऊन ती मांडली. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो, या तीन गोष्टींची त्यात सरासरी असते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात आइसलँड ०.९७२ वर पहिला आहे आणि भारत ०.६८५ वर १३० वा.

दुसरं मोजमाप सुखाचं. जगभर दरवर्षी लोकांना एक प्रश्न विचारतात: समोर एक शिडी आहे असं समजा, तळाची पायरी शून्य म्हणजे वाईटात वाईट आयुष्य, वरची दहा म्हणजे उत्तमात उत्तम. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? या शिडीवर फिनलंड २०१८ पासून सलग पहिला येतो आहे. २०२५ मध्ये भारत ११८ वा होता. हा प्रश्न ऐकला की मराठी माणसाला सुखी माणसाचा सदरा आठवल्यावाचून राहत नाही. राजाला बरं करायला सुखी माणसाचा सदरा हवा असतो आणि सुखी माणूस सापडतो तेव्हा त्याच्या अंगात सदराच नसतो. गोष्ट गोड आहे, पण फसवीही आहे. सदरा नसलेल्या माणसाला ‘तू सुखी आहेस’ असं सांगायची सोय त्या गोष्टीनं पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली. सेन यांचा आक्षेप नेमका इथंच होता. ज्याला कधी काही मिळालंच नाही, तो मागणंही कमी करतो, आणि मग विचारलं की सातव्या पायरीवर आहे म्हणून सांगतो. म्हणून शिडीच्या जोडीला वजनकाटाही लागतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबारमधली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. अंगणवाडीच्या काट्याला लटकवलेल्या झोळीतलं पोर कुठल्या पायरीवर आहे, हे त्याला विचारावं लागत नाही.

फिनलंडचीही एकेकाळी अशीच गत होती. १९३० च्या दशकात तिथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी ६५ च्या आसपास वर्षाच्या आत दगावत. १९३८ पासून सरकारनं गरीब बाळंतिणींना एक पुठ्ठ्याची पेटी द्यायला सुरुवात केली. तीत बाळाचे कपडे, दुपटी, अंथरूण. पेटी रिकामी झाली की तीच बाळाचा पाळणा. १९४९ मध्ये दोन बदल झाले. पेटी सगळ्याच आयांना मिळू लागली, श्रीमंतालाही. आणि अट घातली गेली की, चौथा महिना सरायच्या आत दवाखान्यात नाव नोंदवलेलं पाहिजे. पेटीच्या ओढीनं बायका दवाखान्याची पायरी चढल्या. आज तिथं हजारी दोनच्या आसपास बाळं दगावतात. याचं सगळं श्रेय पेटीला देणं भाबडेपणाचं ठरेल, पण पेटीनं दार उघडलं हे खरं.

महाराष्ट्रातही २०१९ पासून पहिल्या बाळंतपणाला ‘बेबी केअर किट’ देण्याची योजना आली. आदिवासी भागासाठी त्याआधीच, २०१५ पासून, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक वेळचं ताजं, चौरस जेवण, आणि मुलांना अंडी किंवा केळी. कल्पना फिनलंडच्या पेटीइतकीच चांगली आहे. अडतं ते वाटेत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवर रस्ता नाही तिथं अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून आणतात. त्या झोळीला लोकांनी स्वतःच नाव ठेवलं आहे: बांबूलन्स. नर्मदेच्या फुगवट्यात रस्ता बुडालेल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, तोही इथंच.

तरीही नंदुरबारचा माणूस नुसता हात जोडून बसलेला नाही आणि इथलं सरकारही नेहमीच झोपलेलं नसतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती, तेव्हा मानव विकासाच्या यादीतल्या या शेवटच्या जिल्ह्यात ऑक्सिजन होता. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्येच, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिला प्रकल्प उभारून घेतला होता. भारूड शेजारच्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, झोपडीत वाढून डॉक्टर आणि मग जिल्हाधिकारी झालेले. दुसऱ्या लाटेत शेजारच्या राज्यांतले रुग्ण उपचाराला नंदुरबारात आले. या घटनेवर लेख बरेच आले, पण कुठल्याही निर्देशांकात तिला रकाना नाही.

आता दृष्टिकोनाकडे. मराठीत घरकुल ‘लागतं’. विहीर ‘लागते’, म्हणजे पाणी नव्हे, मंजुरी. निराधारचा पगार ‘लागतो’. यादीत नाव ‘लागतं’. लॉटरी लागावी तसंच. आणि योजना ‘येते’, पाऊस यावा तशी. आली तर आली. ज्याला मिळालं तो ‘लाभार्थी’. बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, पण कानाला सवय झालेल्या या शब्दांत हक्क कुठंच दिसत नाही, दिसतं ते नशीब आणि देणाऱ्याची मर्जी. म्हाताऱ्या माणसाला महिन्याला दीड हजार रुपये मिळवायचे तर वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. गावात या पैशाचं नावच ‘निराधारचा पगार’. पोरं-सुना असलेल्या माणसाला चारचौघांत आधी स्वतःला निराधार म्हणवून घ्यावं लागतं, मग पैसे. डेन्मार्कमध्ये वयाची ६७ वर्षं पुरी झाली की राष्ट्रीय पेन्शन सुरू होते, आणि आयुष्यातली पुरेशी वर्षं देशात काढलेली असतील तर मूळ रक्कम पुरी मिळते. तिथल्या म्हाताऱ्याला कुणी लाभार्थी म्हणत नाही.

डॅनिश लोक जन्मतःच मोठ्या मनाचे होते असं समजायचं कारण नाही. सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबाचा मताधिकार तिथं काढून घेतला जाई. तो काळ फार जुना नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी कोपनहेगनमध्ये सत्ताधारी आणि विरोधी पक्षांत एक तडजोड झाली, आणि त्यातून मंत्री स्टाइंके यांच्या सामाजिक सुधारणांना वाट मिळाली: मदत ही मेहरबानी न राहता कायद्यानं ठरलेला हक्क व्हावा. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. मंदी दोन्हीकडे होती आणि बेकारीही.

अमेरिकेचा पिंड वेगळा. अल्बर्टो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये जागतिक मूल्य-पाहण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. गरीब माणूस आळशी असतो, असं ६० टक्के अमेरिकनांना वाटत होतं आणि युरोपात फक्त २६ टक्क्यांना. परिणाम समोर आहेत. स्वीडनमध्ये मूल झालं की आई-बाप मिळून ४८० दिवसांची अंशपगारी रजा, आणि मूल सोळा वर्षांचं होईतो दरमहा भत्ता, कुणाचंही उत्पन्न न विचारता. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्यानं १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी.

आळशीपणाचा हा संशय खानदेशालाही नवा नाही. ‘फुकटच्या रेशननं माणसं आळशी झाली, शेतात मजूर भेटत नाही’ हे वाक्य शहाद्यापासून जळगावपर्यंत कुठल्याही बांधावर ऐकायला मिळतं. गंमत अशी की, हा मजूर भेटत नाही कारण तो दिवाळी झाली की बारडोली-सुरतेकडे ऊस तोडायला गेलेला असतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला दोघं पहाटेच्या काळोखात फडात उतरतात. त्याला आळशी म्हणायला जीभ रेटावी लागते. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या रोख मदतीच्या प्रयोगांचा पडताळा घेतला. पैसे मिळाल्यानं लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात, इंदूरच्या परिसरात, ‘सेवा’ संस्थेनं २०११-१२ मध्ये काही गावांतल्या प्रत्येकाला दरमहा थोडी रोख रक्कम दिली होती. तिथंही लोक आळशी झाले नाहीत. बऱ्याच जणांनी ते पैसे स्वतःच्या शेतात घातले.

आणि ‘ते कर भरत नाहीत’ या तक्रारीचं काय? धानोऱ्यातल्या पोरानं मोबाइलवर २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं, तर त्यातले सुमारे ४५ रुपये जीएसटी असतो. मुंबईतल्या कंपनीच्या संचालकालाही तेवढाच बसतो.

याहून महत्त्वाचा हिशेब मात्र मराठी माणूस विसरलाच आहे. नोकरदाराच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० रुपयांची कपात असते. फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाचे २,५००. शीर्षक असतं ‘व्यवसाय कर’ किंवा नुसतं ‘पी. टी.’ बहुतेकांना ती कशाची, हे ठाऊक नसतं. तिचा उगम १९७२ च्या दुष्काळात आहे. त्या दुष्काळात राज्यात लाखो माणसं खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलाव खणायला उतरली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली होती. सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीची आठवण असलेली पिढी अजून आहे. त्याआधी, १९६५ मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम. दुष्काळात त्याच कल्पनेची रोजगार हमी योजना झाली. मग १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसला, आणि शहरांनी जेवढं दिलं तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

म्हणजे दादरच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा सातपुड्याच्या पायथ्याशी पाझर तलाव खणणाऱ्या बाईच्या मजुरीला जायचा. तिला पिवळं कार्ड दाखवावं लागत नव्हतं, निराधार असल्याचा दाखला नको होता. घमेलं उचलायची तयारी हाच दाखला. पुढे २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याचा नमुना हाच. २००६ च्या फेब्रुवारीत पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला, त्यांत नंदुरबार होता. मस्टरवरची खोटी नावं, महिनोन्‌महिने न मिळालेली मजुरी, हे सगळं त्या योजनेत झालं आणि त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण स्टाइंकेनं १९३३ मध्ये जे केलं, ते महाराष्ट्रानं आपल्या ऐपतीत करून दाखवलं होतं. फरक इतकाच राहिला की, कारकुनाला आपण काय देतो हे कुणी सांगितलं नाही आणि मजूर बाईला आपल्याला कोण देतं हे कळलं नाही. डॅनिश भाषेत ‘स्काट’ म्हणजे कर, आणि ‘स्काट’ म्हणजेच खजिना. नवरा-बायको एकमेकांना लाडानं हाक मारतात तीही ‘स्काट’. आपल्याकडे गावात करांना पट्टी म्हणतात, घरपट्टी, पाणीपट्टी. लाडानं कुणी कुणाला पट्टी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

एकमेकांचा भार उचलणं या मातीला परकं आहे असंही नाही. नर्मदाकाठच्या सातपुड्यात ‘लाह’ असते. एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, मजुरी नाही, जेवण मिळतं. उद्या दुसऱ्याची पाळी. देशावर ती इर्जिक, कोकणात सावड. लाहेत कुणी लाभार्थी नसतो, कारण आज घेणारा उद्या देणारा असतो. डेन्मार्कचा कर म्हणजे हीच लाह, फक्त साठ लाख लोकांची आणि यंत्रणेनं चालवलेली. किंमतही तशीच. तिथं भाजीवरसुद्धा २५ टक्के विक्रीकर आहे आणि देशाच्या उत्पन्नातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा करांत जातो. भारतात केंद्र-राज्य मिळून तो १७-१८ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यांना डेन्मार्कसारखे दवाखाने हवेत त्यांच्यापुढे हा आकडा ठेवला की बहुतेक वेळा विषय बदलतो.

पैसा मर्यादित आहे, मग तो फक्त गरिबांनाच द्यावा, हे तर सरळ गणित वाटतं. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये ते गणित उलटं पडतं असं दाखवलं. जे देश फक्त गरिबांना देतात तिथं गरिबी कमी घटते; कारण मध्यमवर्गाला त्या योजनेशी देणंघेणं उरत नाही आणि हळूहळू तिचा निधी व दर्जा आटत जातो. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध तितका पक्का दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण सरकारी शाळेतून मध्यमवर्गाची मुलं निघून गेल्यावर शाळेचं काय झालं, हे बघायला स्वीडनला जायची गरज नाही. रेशनच्या बाबतीत तामिळनाडूनं वेगळी वाट धरली. तिथं तांदूळ उत्पन्न न विचारता मिळतो. राज्याराज्यांतलं अंतर बालमृत्यूतही दिसतं: २०२० मध्ये देशात हजारी २८, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला दीड हजार. ज्या घरांनी आजवर ‘फुकट’ या शब्दाला नाक मुरडलं, त्यांतल्याही पुष्कळ जणींनी अर्ज भरले. वर्षाचे होतात १८,०००. म्हणजे पिवळ्या कार्डाची १९९९ मधली १५,००० ची मर्यादा या एकट्या पैशानंच ओलांडली जाते. सरकारनं प्राधान्य कुटुंबांसाठी ग्रामीण भागात ४४,००० ची वेगळी मर्यादा ठेवली आहे म्हणून बरं.

धानोऱ्याच्या पिशवीत आणखी एक नंदुरबारी गोष्ट आहे. देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिलं गेलं. स्वीडननं असा क्रमांक १९४७ मध्ये दिला, डेन्मार्कनं १९६८ मध्ये. तिथं मूल जन्मलं की भत्ता क्रमांकाच्या मागोमाग खात्यात येतो. इथं माणूस क्रमांक घेऊन योजनेच्या मागोमाग फिरतो: ई-केवायसी झालं का, आधार खात्याला जोडलं का, नावात काना-मात्रा चुकला का.

ऊसतोडीला निघताना मात्र ही पिशवी आता सोबत जाऊ शकते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेची चाचणी ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांत झाली, त्यांतली एक जोडी महाराष्ट्र-गुजरात होती. नंदुरबारचं कार्ड गुजरातच्या दुकानात चालायला हवं, आणि चालतंही. फडापासून दुकान दोन-चार किलोमीटर असतं, मुकादमाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागावी लागते. माणूस मशीनवर अंगठा ठेवतो. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं अंगठ्यावरच्या रेषा घासून गेलेल्या असतात. मशीन लाल दिवा दाखवतं. दुकानदार गुजरातीत सांगतो, हात पुसून पुन्हा लाव. तो सदऱ्याला अंगठा पुसतो आणि पुन्हा लावतो.